मात्झोचे डबे, लाटकेचं पाकीट आणि बरणीतली मासळी: मिश्र घरातल्या ज्यू सणांसाठी काय विकत घ्यावं, काय घरी करावं

मार्च-एप्रिल जवळ आला की अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांत एक अख्खी रांग मात्झोच्या डब्यांनी भरते. मराठी बायबलमध्ये ज्याला वल्हांडण म्हटलंय तो पेसाख सण, आणि त्यातली बेखमीर भाकर म्हणजे हा मात्झो. त्याच रांगेत मात्झो बॉलचं (सूपमध्ये घालायच्या मात्झोच्या गोळ्यांचं) मिक्स, लाटकेचं (तळलेल्या बटाट्याच्या टिक्कीचं) पाकीट, काचेच्या बरणीतली गेफिल्टे फिश (उकडलेले माशाच्या खिम्याचे गोळे), किसलेलं हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ) आणि द्राक्षरसाच्या बाटल्या असतात. जोडप्यातला एक ज्यू आणि दुसरा नाही, अशा घरातलं माणूस या रांगेसमोर बराच वेळ उभं राहतं. स्वयंपाक करणाऱ्याने हे पदार्थ लहानपणी खाल्लेले असतीलच असं नाही, आणि जेवायला येणारे सासू-सासरे मात्र ते जन्मभर खात आलेले असतात. अशी घरं थोडी नाहीत. प्यू रिसर्च सेंटरच्या 2020 सालच्या पाहणीत अमेरिकेतल्या विवाहित ज्यूंपैकी 42 टक्क्यांचा जोडीदार ज्यू नव्हता. 2010 पासून लग्न केलेल्यांत हेच प्रमाण 61 टक्के होतं.

आमचा निकाल आधीच सांगून टाकतो. मात्झो, मात्झो मील (मात्झोचा भुगा) आणि वाइन विकतच घ्या, त्यांचे नियम घरच्या ओट्यावर पाळता येण्यासारखे नाहीत. मात्झो बॉलचं मिक्स पहिल्या वर्षी जरूर घ्या. गेफिल्टे फिश बरणीतली नको, गोठवलेली घ्या. लाटके आणि खारोसेत (पेसाखचं सफरचंद-अक्रोडाचं मिश्रण) यांची पाकिटं-बरण्या मात्र आणूच नका.

मात्झोचा डबा

मात्झोत फक्त पीठ आणि पाणी असतं. गहू, बार्ली, स्पेल्ट, ओट आणि राय या पाच धान्यांपैकी एकाचं पीठ लागतं आणि पिठाला पाणी लागल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजणं पुरं व्हावं लागतं. त्याहून जास्त वेळ गेला तर ते पीठ खामेत्झ, म्हणजे फुगू लागलेलं, धरतात आणि पेसाखात ते घरात ठेवायलाही मनाई. पृष्ठभागावर दिसणाऱ्या टोचण्यांच्या ओळी नक्षीसाठी नसतात, भाजताना फुगा येऊ नये म्हणून असतात. घरच्या ओव्हनमध्ये हे सगळं नियमाबरहुकूम साधत नाही, म्हणून विकतचा डबा ही इथे पळवाट नाही. ज्यू घरांतही तोच येतो. मॅनिशेविट्झ 1888 सालापासून (सुरुवात सिनसिनाटीत) आणि स्ट्राइट्स 1916 पासून (न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला) मात्झो विकत आले आहेत; आज डब्यातले मात्झो यंत्राचे, चौकोनी असतात. कंपन्यांच्या चवीत फरक किरकोळ, भाजण्यात असतो तेवढाच. कडा तपकिरी आणि मधे काळसर ठिपके असलेला मात्झो चवीला उजवा. पांढराफटक दिसणारा कोरड्या पुठ्ठ्यासारखा लागतो, पण 175 डिग्री सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवला की बराच सुधारतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती डबा निवडताना. त्याच कंपनीचा, जवळजवळ त्याच रंगाचा डबा वर्षभर मिळतो आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा पेसाखसाठी नाही. कांद्याचे, लसणाचे, बियांचे चवदार मात्झो बहुधा याच गटातले. दुसरा फसवा डबा एग मात्झोचा. पाण्याऐवजी अंडी आणि फळांचा रस घालून केलेला हा मात्झो खुसखुशीत असतो, म्हणून नवखं माणूस कौतुकाने तोच उचलतं. पण अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, परंपरेत पेसाखात तो आजारी, वृद्ध आणि लहान मुलांपुरताच चालतो. सेडरच्या, म्हणजे पेसाखच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाच्या विधीत मात्झो खाण्याचं जे कर्तव्य असतं, ते त्याने पुरं होत नाही.

सासरचे लोक काटेकोर असतील तर सेडरच्या ताटातल्या तीन मात्झोंपुरता हातचा श्मुरा मात्झो आणा. त्याचा गहू कापणीपासून ओलाव्याला जपलेला असतो. तो गोल, करपलेल्या कडांचा आणि फार ठिसूळ असतो. टपालाने मागवला तर एखादा तुटलेला निघणार, असं धरून एक-दोन जास्त घ्या, कारण विधीला दोन तरी अखंड लागतात. मधला एरवीही विधीत मोडतातच. बाकीच्या जेवणाला यंत्राचा पुरतो. एक मात्झो साधारण 30 ग्रॅमचा, म्हणजे 454 ग्रॅमच्या डब्यात पंधरा-एक. आठ माणसांच्या एका सेडरला दोन डबे होतात.

लेबलवरचं अक्षर

कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं; मांस आणि दूध एकत्र न खाणं हा त्यातलाच एक नियम. कोशर शिक्क्यांत सर्वांत जास्त दिसणारा म्हणजे वर्तुळातलं यू, ओयू. त्याला जोडून डी असेल तर पदार्थ दुधाचा. आणि पी असेल तर? नवखी माणसं पी म्हणजे पारेव्ह समजतात, म्हणजे दूधही नाही आणि मांसही नाही असा पदार्थ. तसं नाही. ओयूच्या शेजारचा पी पेसाखचा असतो आणि पारेव्ह हा शब्द असेल तर पूर्ण लिहिलेला असतो. या एका अक्षराच्या गैरसमजातून दोन्ही बाजूंनी चूक होते: हनुक्का या हिवाळ्यातल्या सणाला पी नसलेली वस्तू उगाच नाकारली जाते आणि पेसाखला पी वाचूनही तिच्यात दूध आहे की नाही हे पाहायचं राहतं. चिकन सूपच्या जेवणात पी आणि डी दोन्ही असलेला चॉकलेट केक वाढला, तर कोशर पाळणारा पाहुणा तो बाजूला सारणार.

कोणतीही यादी करण्याआधी ज्यू जोडीदाराच्या घरी दोन प्रश्न विचारून घ्या. पहिला: तुमच्याकडे कितनियोत चालतं का? तांदूळ, मका, डाळी, शेंगा, मोहरी हा तो गट. अश्केनाझी घरांत पेसाखला तो वर्ज्य मानत आले, सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या, घरांत बहुतेक ठिकाणी चालतो. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मनिर्णय समितीने 2015 मध्ये अश्केनाझींनाही तो खायला मोकळीक दिली, पण समितीने मोकळीक दिली म्हणून आजी खाईलच असं नाही. दुसरा प्रश्न: मात्झो भिजवलेला चालतो का? काही हसिदी (एका काटेकोर ज्यू पंथाच्या) घराण्यांत मात्झोला पाणी लागू देत नाहीत, आणि मग मात्झो बॉलच बाद होतात. इस्रायलबाहेरच्या देशांत पेसाख आठ दिवसांचा असतो आणि आठव्या दिवशी तीच माणसं ते आवडीने खातात. हे दोन प्रश्न फोनवर पाच मिनिटांत सुटतात. न विचारता केलेला मोठा पातेलंभर पदार्थ तसाच उरला तर करणाऱ्याच्या मनाला लागतं, आणि ते टाळण्यासारखं आहे.

मात्झो बॉलचं मिक्स

या रांगेतली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, असं आम्ही मनापासून म्हणतो. बहुतेक डब्यांत दोन पाकिटं असतात. एका पाकिटाला दोन अंडी आणि दोन मोठे चमचे तेल, पंधरा मिनिटं फ्रिज, मग उकळत्या मिठाच्या पाण्यात झाकून वीस मिनिटं. नऊ-दहा गोळे होतात. पहिल्यांदाच करणाऱ्याच्या हातूनही बिघडत नाहीत, कारण जिथे प्रमाण चुकतं ते मात्झो मील कंपनीने आधीच मोजून दिलेलं असतं.

डबा काय करायचं ते सांगतो, का ते सांगत नाही. अंडी आणि तेल घातल्यावर वाडग्यात जे दिसतं ते चमच्यावरून सरळ ओघळणारं पातळ मिश्रण असतं. इथे घाबरून लोक वरून आणखी मात्झो मील घालतात आणि गोळे दगड होतात. काहीही घालू नका. मात्झोचा भुगा आधीच भाजलेला, कोरडा ठणठणीत असतो, त्याला ओल प्यायला वेळ लागतो. वाडगं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पंधरा मिनिटांनी चमचा ओढला की त्याची रेघ तशीच राहते, अर्ध्या तासाने मिश्रण कडेपासून सुटून एका गोळ्यात उचललं जातं. आमच्या मते डब्यावरची पंधरा मिनिटं कमी आहेत, तीस द्या. हात गार पाण्यात बुडवून अक्रोडाएवढे गोळे करा आणि दाबून वळू नका. तळहातात दोन-तीनदा हलकं फिरवलं की पुरे. शिजताना ते दुप्पट होतात, म्हणून पाच-सहा लिटरचं रुंद भांडं घ्या आणि एका वेळी दहाच्या वर टाकू नका.

पाणी आधी खळखळू द्या, गोळे सोडले की आच कमी करा आणि झाकण ठेवा. उकळी जोरात चालू राहिली तर गोळे बाहेरून झिजतात आणि पाण्यात तुकडे तरंगतात. झाकण सारखं उघडलं तर वरचा अर्धा भाग वाफेवाचून राहतो आणि मधे गाठ राहते. डब्यावरची वीस मिनिटंही लहान गोळ्यांनाच पुरतात, आम्ही तीस सुचवू. एक गोळा काढून सुरीने मधोमध कापा. आतून काठापर्यंत एकच फिकट रंग दिसला तर झाला. मधे रुपयाएवढा गडद पिवळा, ओलसर डाग दिसला तर झाकण ठेवून आणखी दहा मिनिटं.

गोळे सूपमध्ये शिजवू नका. मात्झोचा स्टार्च सुटून सूप गढूळ होतं आणि गोळे अर्धं सूप पिऊन टाकतात. वेगळ्या पाण्यात शिजवा, वाढताना सूपमध्ये टाका, उरलेले सूपपासून वेगळे ठेवा.

मिक्सचा दोष एकच, पण ठळक: मीठ आणि कांदा-लसणाची पूड. आठ माणसांच्या सूपला दोन पाकिटं वापरत असाल तर सूपचं मीठ गोळे पडल्यावर चाखूनच पूर्ण करा. तेलाच्या जागी श्मॉल्ट्झ, म्हणजे कोंबडीची वितळवलेली चरबी, घातली तर चवीला खोली येते; सूप गार झाल्यावर वर थिजणारा पिवळा थर म्हणजे तीच. लोणी मात्र कधीही नाही. चरबीऐवजी लोणी ही बदली इतर स्वयंपाकात सहज चालते, म्हणून दुसऱ्या घरातून आलेल्या हाताला ती सुचते, पण चिकन सूपमध्ये लोणी पडलं की मांस आणि दूध एकत्र आलं.

दुसऱ्या वर्षी मात्झो मीलचा साधा डबा आणा आणि मिक्स सोडा. चार अंडी, एक कप मात्झो मील, पाव कप श्मॉल्ट्झ किंवा तेल, पाव कप सूप किंवा सोडा वॉटर, एक चहाचा चमचा मीठ, मिरपूड, दोन चमचे चिरलेली शेपू. फ्रिजमध्ये एक तास, शिजायला 35 ते 40 मिनिटं. साधारण सोळा गोळे होतात. मील घेताना एकच काळजी: शेजारी केक मीलचा डबा असतो, तो मैद्यासारखा बारीक. तो याच मापाने वापरला तर कपात वजन जास्त बसतं आणि गोळे घट्ट होतात. हलके हवेत की घट्ट, यावर मात्र ज्यू घरांतच दोन तट आहेत. तुमच्या सासूबाई कोणत्या तटातल्या ते आधी विचारा, मग सोडा वॉटर घालायचं की नाही ते ठरवा.

मासळी आणि हॉर्सरॅडिश

गेफिल्टे फिश म्हणजे कार्प, पाइक, व्हाइटफिश अशा गोड्या पाण्यातल्या माशांचा काट्याविना केलेला खिमा, कांदा, अंडं आणि मात्झो मील घालून उकडलेला. शब्बातला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, खाण्यातून नको ते निवडून काढण्याला बंदी असल्याने काटे काढत बसावं लागू नये, ही त्यामागची सोय. बरणीतले लांबट गोळे करड्या रंगाच्या जेलीत बुडालेले असतात. चव सपक आणि पोत स्पंजासारखा. लहानपणापासून खाणाऱ्याला त्यात घर आठवतं, पहिल्यांदा खाणाऱ्याला बरणी उघडतानाच नकोसं होतं. गोठवलेला लोफ घ्या, फरक मोठा आहे. रुंद भांड्यात दोन गाजरं, एक कांदा, मीठ आणि थोडी साखर घालून पाणी उकळा. लोफचं बाहेरचं प्लास्टिक काढा पण आतला कागद राहू द्या, नाहीतर तो पाण्यात सुटा होतो. मंद आचेवर झाकून दीड तास, मग त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना कापला तर तुकडे पडतात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दीड सेंटिमीटर जाडीचे काप करा आणि प्रत्येकावर गाजराची चकती ठेवा.

साखर किती, हा प्रश्न किरकोळ नाही. गॅलिशिया आणि पोलंडकडची घराणी मासळी गोड करतात, लिथुआनियाकडची मिरपुडीची. गोठवलेले लोफही दोन्ही प्रकारांत येतात. तिखट मासळी खाणाऱ्या घरात गोड लोफ गेला, तर ताटं अर्धी परत येतात.

सोबत बीटाच्या रसाने लाल झालेलं किसलेलं हॉर्सरॅडिश. बाटलीतलं मासळीबरोबर उत्तम, पण सेडरच्या ताटात कडू भाजी म्हणून तेच ठेवू नका. व्हिनेगरमध्ये मुरलेलं हॉर्सरॅडिश बहुतेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) त्या कामाला ग्राह्य धरत नाहीत. त्यासाठी ताजं मूळ किंवा रोमेन लेट्यूसची पानं. मूळ घरी किसणार असाल तर खिडकी उघडी ठेवून किसा. किसल्यावर पेशी फुटतात आणि झणका तयार होऊ लागतो, व्हिनेगर घातलं की तो वाढायचा थांबतो. लगेच घातलं तर सौम्य, तीन मिनिटांनी घातलं तर डोळ्यांत पाणी आणणारं.

वाइनची बाटली कोणी उघडायची

हा भाग मिश्र घरासाठी सगळ्यात नाजूक, आणि कोणत्याही बाटलीवर तो समजावून लिहिलेला नसतो. काटेकोर पाळणाऱ्या ज्यू माणसासाठी कोशर वाइन, उघडल्यानंतर, ज्यू नसलेल्या माणसाने हाताळली किंवा ओतली तर ती पिण्याजोगी राहत नाही. जुना नियम आहे, मूर्तिपूजेत वाहिलेल्या वाइनच्या भीतीतून आणि परधर्मीयांशी सोयरीक होऊ नये या हेतूने घातलेला. ज्या घरात ती सोयरीक झालेली आहे, तिथल्या सुनेला किंवा जावयाला हे ऐकून वाईट वाटणारच. त्यांनी मन लावून टेबल मांडलेलं असतं. बहुतेक ज्यू कुटुंबं हा नियम पाळतही नाहीत. पण पाहुण्यांत एक जण जरी पाळणारा असेल तरी त्याला गुपचूप प्याला बाजूला ठेवावा लागू नये, आणि यजमानालाही स्वतःच्या टेबलावर बाटलीपासून हात लांब ठेवावे लागू नयेत.

उपाय सोपा आहे. लेबलवर मेवुशाल हा शब्द शोधा. मेवुशाल म्हणजे उष्णता दिलेली वाइन. तिला हा नियम लागू होत नाही. कोणीही उघडा, कोणीही ओता. पूर्वी ती खरोखर उकळल्यासारखी लागायची, आता काही सेकंदच तापवून लगेच गार करतात आणि चवीची हानी थोडी होते. बाटलीबंद कोशर द्राक्षरस सहसा पाश्चराइज्ड म्हणून मेवुशालच असतो, तरी शब्द वाचून घ्या. काँकॉर्ड द्राक्षांच्या गोड वाइनवर पी आहे का तेही पाहा. मक्याच्या सिरपने गोड केलेली असेल तर कितनियोत न खाणाऱ्यांना पेसाखला चालत नाही.

सेडरला प्रत्येकाचे चार प्याले. प्याल्याचं किमान माप वेगवेगळ्या मतांनुसार साधारण 86 ते 150 मिली. 100 मिली धरले तर माणशी 400 मिली, म्हणजे आठ जणांना 750 मिलीच्या पाच बाटल्या. त्यात दोन द्राक्षरसाच्या असू द्या, चौथ्या प्याल्यापर्यंत सगळे वाइन पीत नाहीत.

स्वयंपाकाबद्दलही असाच एक नियम आहे: काही पाळणाऱ्यांना शिजवण्यात ज्यू माणसाचा हात लागलेला हवा असतो. अश्केनाझी मताप्रमाणे त्याने शेगडी किंवा ओव्हन पेटवला तरी पुरतं, सेफार्दी मत याहून कडक. तेव्हा सकाळी ज्यू जोडीदाराने ओव्हनचं बटण फिरवावं, पुढचा सगळा स्वयंपाक ज्याला येतो त्याने करावा.

खारोसेतची बरणी मात्र घेऊ नका. तीन आंबट-गोड सफरचंदं अर्ध्या सेंटिमीटरच्या फोडी करून, 100 ग्रॅम भाजून चिरलेले अक्रोड, एक चमचा दालचिनी पूड, एक मोठा चमचा मध आणि तीन चमचे गोड वाइन. दहा मिनिटांचं काम. बरणीत सफरचंदाचा गाळ झालेला असतो आणि अक्रोड मऊ पडलेले.

लाटकेचं पाकीट

हनुक्का म्हणजे आठ रात्री आणि तेलातलं खाणं. लाटकेच्या पाकिटात वाळवलेल्या बटाट्याचा चुरा, थोडं पीठ, कांद्याची पूड. अंडी आणि पाणी घालून तळलं की मऊ, एकसारखी टिक्की होते, आत किसाचा एक धागा लागत नाही. लाटकेची सगळी मजा कडेच्या कुरकुरीत धाग्यांत असते आणि ते वाळलेल्या चुऱ्यातून येत नाहीत. हे पाकीट आम्ही कोणालाही सुचवणार नाही. वेळ नसेल तर गोठवलेले तयार लाटके आणा, 220 डिग्रीच्या ओव्हनमध्ये जाळीवर ठेवून भाजा. ते पाकिटापेक्षा खूपच बरे.

घरचे करायचे तर एक किलो पिठूळ बटाटे, एक मोठा कांदा, दोन अंडी, पाव कप मात्झो मील, दीड चमचा मीठ. पाच-सहा माणसांना होतात. बटाटा आणि कांदा आलटून-पालटून किसा, कांद्याच्या रसामुळे बटाटा लवकर काळा पडत नाही. किस पातळ फडक्यात बांधून वाडग्यावर पिळा, हात दुखेपर्यंत पिळा. मग ते पाणी फेकू नका. दहा मिनिटं तसंच ठेवा. वरचं तपकिरी पाणी हलकेच ओतलं की तळाशी पांढराशुभ्र, बोटाने दाबला तर कडक लागणारा थर दिसतो. हा बटाट्याचा स्टार्च. खरवडून परत किसात मिसळा. लाटके एकत्र धरून ठेवतो तो हाच. तो टाकून दिला म्हणूनच लोकांना जास्त पीठ घालावं लागतं आणि मग लाटके जड होतात.

पॅनमध्ये अर्धा सेंटिमीटर तेल, साधारण 180 डिग्री. किसाचा एक धागा टाकला की लगेच फेसायला हवा. दोन मोठे चमचे मिश्रण टाकून उलथन्याने हलकं पसरवा, कडा विस्कटलेल्याच राहू द्या. एका बाजूला तीन-चार मिनिटं, एकदाच उलटा. पॅन गच्च भरला तर तेल थंड होतं आणि लाटके तेल पितात. काढून कागदावर रचू नका, खालची बाजू वाफेने नरम पडते. जाळीवर ठेवा. सकाळी तळून ठेवले तरी चालतात, वाढायच्या आधी 200 डिग्रीला आठ-दहा मिनिटं. सोबत सफरचंदाचा सॉस किंवा आंबट साय. जेवणात मांस असेल, किंवा लाटके श्मॉल्ट्झमध्ये तळले असतील, तर कोशर टेबलावर फक्त सफरचंदाचा सॉस.

उरलेले सण, थोडक्यात

रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गोल खाला ब्रेड लागतो, बेदाणे घातलेला. बेकरीचा मिळत असेल तर बिनधास्त घ्या. ब्रिओश तसाच दिसतो पण त्यात लोणी असतं, मांसाच्या जेवणाला तो चालत नाही, खालात तेल. गोठवलेल्या पिठाची वळलेली लादी आणली तर डब्यावरच्या वेळेवर विसंबू नका. बोटाने दाबल्यावर खळगा हळूहळू भरून यायला हवा. लगेच उसळला तर अजून थांबा, नाहीतर ओव्हनमध्ये वेणीचे पीळ फाटतात. आतलं तापमान 88 डिग्रीला पोचलं की ब्रेड झाला.

पुरिम सणाच्या हामानताशेनला (सारण भरलेल्या तिकोनी बिस्किटांना) खसखशीचं डबाबंद सारण चांगलं चालतं, घट्ट असतं. पातळ जॅम उकळून बाहेर येतो. पीठ तीन-चार मिलिमीटर लाटा, साडेसात सेंटिमीटरच्या चकत्या, मधे एकच चहाचा चमचा सारण, तीन कोपरे अंड्याचा हात लावून घट्ट चिमटा आणि भाजण्याआधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. ही शेवटची वीस मिनिटं गाळली की बहुतेक उघडतात.

आणि पेसाख संपल्यावर उरलेला मात्झो. दोन माणसांना तीन मात्झो हातानेच मोडा, गरम पाणी ओतून पंधरा-वीस सेकंदांत लगेच निथळा, हलके पिळा. चार फेटलेली अंडी, मीठ, मिरपूड घालून लोण्यात परता. मात्झो ब्राय म्हणतात याला. जेवणात मांस नाही, त्यामुळे इथे लोणी चालतं, आणि हवंच.